गादमाशी, बारीक धान आणि गुणसूत्रांचा नकाशा



गेल्या खरिपात आमगाव तालुक्यातल्या एका गावी आम्ही चार-पाच जण धुऱ्यावर उभे होतो. रोवणी होऊन महिना झाला होता, आभाळ आठ दिवस उघडले नव्हते, आणि बांधीत जागोजागी कांद्याच्या पातीसारखे चंदेरी पोंगे दिसत होते. गादमाशी. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला तिची ओळख करून द्यायला नको. शेजारच्या बांधीत मात्र ठोकळ धान होता आणि तो हिरवागार, एक पोंगा नाही. बांधीचा धनी म्हणाला, "साहेब, ह्या धानाला गाद लागत नाही पण मिलवाला भाव देत नाही. माझ्या बारीक धानाला भाव आहे तर गाद सोडत नाही. तुम्ही लोक इतकी वर्षे संशोधन करता, दोन्ही गोष्टी एका लोंबीत का आणत नाही?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता आले असते, पण ते त्यांनाही पटले नसते आणि मलाही. म्हणून आजचे हे भाषण त्या प्रश्नावरच आहे. जरा सावकाश ऐका, मध्ये थोडा हिशेब येणार आहे. पण खंडी-कुडवाचा हिशेब ज्याला येतो त्याला हा जड नाही.

आधी गादमाशीचे पाहू. ही माशी डासासारखी, तांबूस रंगाची. मादी पानावर अंडी घालते. अंड्यातून निघालेली बारीक अळी पानाच्या आवरणाच्या आतून खाली सरकत फुटव्याच्या कोंबापर्यंत पोचते आणि तिथे बसून खाऊ लागते. मग त्या कोंबाचे पान होत नाही, नळी होते. तोच आपला चंदेरी पोंगा. पोंगा झालेल्या फुटव्याला लोंबी येत नाही, झाडाने कितीही नवे फुटवे काढले तरी त्यातले बरेचसे उशिराचे आणि पोचट. आता प्रतिकारक जातीत काय होते? माशी तिथेही येते, अंडी तिथेही घालते. पण अळी कोंबापाशी जाऊन मरते. हा गुण झाडाच्या अंगात जन्मतः असतो आणि बियाण्यातून पुढच्या पिढीत जातो. तो गुण ज्यात लिहिलेला असतो त्याला जनुक म्हणतात.

ही जनुके झाडाच्या प्रत्येक पेशीत असतात, पण पोत्यात ओतलेल्या दाण्यांसारखी सुटी नसतात. ती दोरावरच्या गाठींसारखी एकापुढे एक ओळीने असतात. हा जो दोर, त्याला गुणसूत्र म्हणायचे. धानाच्या पेशीत असे चोवीस दोर असतात, म्हणजे बारा जोड्या. प्रत्येक जोडीतला एक दोर आईकडून आलेला, एक बापाकडून. कोणत्या दोरावर कोणती गाठ आणि ती नेमक्या कोणत्या जागी, हा क्रम ठरलेला असतो. लुचई घ्या, चिन्नोर घ्या, स्वर्णा घ्या, क्रम तोच. फरक असतो तो गाठीच्या जातीत. एकीकडे गादमाशीला थोपवणारी गाठ असेल, तर दुसरीकडे त्याच जागी न थोपवणारी.

आता एका दोरावरच्या गाठी एकत्र प्रवास करणार हे उघड आहे. गोंदियाला डब्यात बसलेले दोन प्रवासी डबा जाईल तिकडे सोबतच जातील. ह्या सोबत जाण्याला सहलग्नता म्हणतात. आपल्या धन्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. प्रतिकार एका दोरावर आहे आणि त्याच दोरावर आजूबाजूला नको असलेल्या गोष्टीही आहेत. प्रतिकार उचलायला गेलो की शेजारीही गाडीत चढतात.

पण शेजारी कायमचा चिकटलेला नसतो. धान पोटरीत येतो त्या सुमारास फुलाच्या आत पराग आणि बीजांड तयार होऊ लागतात. त्या वेळी जोडीतले दोन दोर एकमेकांना लागून पडतात, एखाद्या ठिकाणी दोन्ही तुटतात आणि ह्याचा तुकडा त्याला, त्याचा ह्याला असे जोडले जातात. ही अदलाबदल, म्हणजेच क्रॉसिंग ओव्हर. तुमच्या बांधीत दरवर्षी, प्रत्येक लोंबीत हे चाललेले असते. आपल्या लक्षात येत नाही, कारण धान स्वतःच्याच परागाने फळतो आणि शुद्ध जातीत जोडीतले दोन्ही दोर सारखेच असतात. सारख्याची सारख्याशी अदलाबदल झाली तर काय दिसणार? दोन निराळ्या जातींचा संकर केला तरच ती उघडी पडते. (संकरित धानाचे बी घरी ठेवून दुसऱ्या वर्षी पेरले की बांधीत उंच-ठेंगणी, आगास-मागास अशी सगळी मिसळ दिसते, त्याचेही कारण हेच. त्या पिढीत दोर वाटलेही जातात आणि तुटून जुळलेलेही असतात. ते बी ठेवू नका, हे आम्ही दरवर्षी सांगतो.)

आता हिशेबाकडे येऊ. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. समजा, ठोकळ धानाला गाद लागत नाही आणि त्याच्या बुंध्याला जांभळी छटा आहे. बारीक धानाला गाद लागते आणि त्याचा बुंधा हिरवा आहे. दोघांचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी झाडे जांभळी आणि सगळी प्रतिकारक निघाली. ह्या झाडांचा पुन्हा बारीक धानाशी संकर केला आणि २०० रोपे वाढवली. जांभळेपणा आणि प्रतिकार ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नसता, तर चार प्रकारची झाडे साधारण पन्नास-पन्नास मिळाली असती. पण मोजल्यावर काय आढळले? जांभळी आणि प्रतिकारक ९०, हिरवी आणि गाद लागणारी ९०, जांभळी पण गाद लागणारी १०, हिरवी पण प्रतिकारक १०. म्हणजे जुन्या जोड्या १८० आणि नव्या जोड्या २०. शंभरी दहा. ही वीस झाडे म्हणजे ज्यांच्या वेळी दोर नेमका त्या दोन गाठींच्या मधे तुटला ती झाडे.

आता ह्यातली खुबी लक्षात घ्या. दोर कुठेही तुटू शकतो. दोन गाठी जवळ असतील तर त्यांच्या नेमक्या मधे तो क्वचित तुटेल, लांब असतील तर पुष्कळदा तुटेल. पावसाळ्यात गोंदिया ते कोहमारा रस्ता कुठेतरी खचला असे ऐकले, तर तो गोंदिया आणि गोरेगाव ह्यांच्या मधेच खचला असेल अशी शक्यता कमी, आणि गोंदिया ते कोहमारा ह्या सबंध पट्ट्यात खचला असण्याची शक्यता जास्त, कारण गोरेगाव वाटेत लागते. म्हणजे उलट बाजूने पाहिले तर वर्षानुवर्षे खचण्याच्या नोंदी ठेवून, रस्ता न पाहताही, कोणते गाव जवळ आणि कोणते दूर हे सांगता येईल. बांधीत झाडे मोजून दोरावरचे अंतर सांगायचे, तेही दोर न पाहता!

आणि नुसते अंतर नाही, क्रमही. तिसरा गुण घ्या. दाण्याच्या टोकाला कुसे असणे. प्रतिकार आणि जांभळा बुंधा ह्यांत अंतर १० आले होते. जांभळा बुंधा आणि कुसे ह्यांत ६ आले. आता प्रतिकार आणि कुसे ह्यांतले अंतर मोजा. ते १६ च्या आसपास आले तर जांभळ्याची गाठ मधे आहे. ते ४ आले तर कुसाची गाठ मधे आहे. तीन गावांपैकी मधले कोणते हे ठरले. असे एकेक गाव जोडत गेले की रस्त्याचा नकाशा तयार होतो. एक अडचण आहे. लांबच्या दोन गाठींच्या मधे दोर कधी कधी दोनदा तुटतो आणि अदलाबदल फिटून जाते, मग मोजणीत अंतर खरे असेल त्यापेक्षा कमी येते. म्हणून १६ च्या ऐवजी थोडे कमी आले तरी दचकायचे नाही. आणि शंभरी पन्नासच्या वर तर मोजणी जातच नाही. पन्नास आले की समजायचे, दोन गाठी निराळ्या दोरांवर आहेत किंवा एकाच दोराच्या दोन टोकांना.

ही युक्ती पहिल्याने सुचली ती धानावर काम करणाऱ्याला नव्हे. १९०५ साली इंग्लंडात बेटसन आणि पनेट ह्यांना एका सुवासिक फुलांच्या वेलावर दोन गुण सोबत जाताना दिसले होते, पण कारण उमगले नव्हते. ते उमगले अमेरिकेत मॉर्गन नावाच्या प्राध्यापकाला, पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर काम करताना. त्याच्याकडे स्टर्टेव्हंट नावाचा कॉलेजात शिकणारा पोरगा होता. त्याने १९११ साली चिलटांच्या मोजणीचे कागद घरी नेले, अभ्यास बाजूला ठेवला आणि रातोरात जगातला पहिला गुणसूत्राचा नकाशा काढला. तो १९१३ साली छापून आला. शंभरात एक नवी जोडी, इतक्या अंतराला आज मॉर्गनच्या नावावरून एक सेंटीमॉर्गन म्हणतात. मैल, कोस, तसे हे माप.

चिलटाची नवी पिढी दोन आठवड्यांत येते, धानाची येते वर्षात एकदा, फार तर दोनदा. शिवाय जांभळा बुंधा, कुसे असे डोळ्यांना दिसणारे गुण थोडेच. त्यामुळे धानाचा नकाशा बरीच वर्षे विरळ राहिला. मग १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांना दोरावरच दिसणाऱ्या खुणा सापडल्या. ह्या खुणांनी झाडाचा रंग-रूप काही बदलत नाही. त्या मैलाच्या दगडासारख्या नुसत्या जागेवर असतात आणि पानाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासला की दिसतात. पुढे २००५ पर्यंत धानाच्या बाराही गुणसूत्रांचे वाचन पूर्ण झाले. त्यात अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाचे काम आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी दिल्लीत केले.

आता पुन्हा आपल्या गादमाशीकडे. फाल्गुना नावाची जात तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. तिला गादमाशीचा प्रतिकार सयाम-२९ ह्या जुन्या जातीकडून मिळालेला. ह्या प्रतिकाराच्या जनुकाला जीएम-२ म्हणतात. १९९४ साली नवी दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय जैवतंत्रज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी फाल्गुनाच्या संकरातून आलेल्या झाडांची अशीच मोजणी करून त्याची जागा शोधली. ते चौथ्या गुणसूत्रावर निघाले, एका खुणेपासून १.३ आणि दुसरीपासून ३.४ सेंटीमॉर्गन अंतरावर. म्हणजे पहिली खूण इतकी जवळ की हजार परागांत सुमारे तेराच वेळा दोघांची ताटातूट व्हावी. उरलेल्या ९८७ वेळा खूण दिसली की जनुक आहेच. मग माशीची वाट कशाला पाहायची? पऱ्ह्यातल्या रोपाचे बोटाच्या पेराएवढे पान तोडले, तपासले, काम झाले. माशी यायला ढगाळ हवा लागते, ती सगळ्या झाडांवर सारखी बसत नाही, आणि एखादे झाड केवळ नशिबाने सुटले तर ते प्रतिकारक समजून आपण फसतो. पानाच्या तपासणीत हा घोटाळा फार कमी.

काही जण विचारतात, हे जनुक बदललेले बियाणे का? नाही. संकर आपण पूर्वीपासून करतो तसाच, लोंबीतल्या फुलावर पराग टाकून. खूण फक्त निवडीच्या कामी येते.

बारीक धानात प्रतिकार आणायला वेळ का लागतो ते आता सांगता येईल. संकर करायचा, आणि मग दर पिढीत पुन्हा बारीक धानाशीच संकर करत जायचे, म्हणजे ठोकळ धानाचा वाटा दर वेळी निम्मा होतो. सहा वेळा असे केले की चौसष्टावा हिस्सा उरतो. पण हा हिशेब लांबच्या दोरांचा. प्रतिकाराच्या गाठीपासून ५ सेंटीमॉर्गनवर एखादी वाईट गाठ बसली असेल, तर ती दर वेळी शंभरातल्या पंचाण्णव झाडांत सोबतच येते. सहा पिढ्यांनंतरही शंभरात साधारण त्र्याहत्तर झाडांत ती तशीच राहते. सहा वर्षे खपून ही गत! खुणा हाती असल्या म्हणजे गाठीच्या अगदी लगत दोर तुटलेले ते दुर्मिळ झाड पहिल्या-दुसऱ्या पिढीतच शोधून काढता येते. शे-दोनशे रोपांत एखादेच असते, पण ते सापडले की पुढचा रस्ता मोकळा.

आणि इथे धन्याच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर. दाण्याचा जाडेपणा ही काही गादमाशीला थोपवण्याची किंमत नाही. दाण्याची लांबी-जाडी ठरवणारी जनुके पुष्कळ आहेत आणि ती दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या अशा निरनिराळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत. प्रतिकारक जुनी जात ठोकळ होती, एवढाच योगायोग. दोन्ही गुण एका लोंबीत येऊ शकतात.

ह्याचे चांगले उदाहरण तुमच्या बांधीतलेच आहे. स्वर्णा धान आपल्याकडे कित्येकांचा. पण वैनगंगेच्या, बाघ नदीच्या काठची बांधी आठ-दहा दिवस पाण्याखाली गेली की तो सडतो. ओडिशातल्या एका स्थानिक जातीतून निवडलेल्या एफआर-१३ए ह्या धानाला पाण्याखाली तग धरण्याची ताकद होती, बाकी पीक म्हणून तो सामान्यच. ही ताकद नवव्या गुणसूत्रावर आहे असे १९९६ साली नकाशावर नक्की झाले. मग खुणांच्या मदतीने तेवढाच तुकडा स्वर्णात आणला आणि २००९ साली स्वर्णा-सब-१ ही जात आपल्या देशात प्रसारित झाली. दाणा स्वर्णाचा, चव स्वर्णाची, पण सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा फुटते. तसेच हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सांबा मसुरीसारख्या बारीक धानात कडा करपा थोपवणारी तीन जनुके एकत्र आणली. त्यांतले एक आफ्रिकेतल्या जंगली धानातून आलेले आहे.

गादमाशीचे काम मात्र इतके सरळ नाही, कारण इथे समोर जिवंत शत्रू आहे आणि तोही बदलतो. १९८० च्या दशकात आंध्रच्या उत्तर किनाऱ्याकडे फाल्गुनावर गाद लागू लागली. जात तीच, जीएम-२ तेच, पण माशी निराळी. देशात आतापर्यंत गादमाशीचे सात प्रकार नोंदले गेले आहेत. एका प्रकाराला थोपवणारे जनुक दुसऱ्या प्रकारापुढे निकामी ठरते. म्हणून आज एकच जनुक असलेली जात देण्याऐवजी एका जातीत दोन-तीन जनुके बसवण्याकडे कल आहे. अशी अकराहून अधिक जनुके माहीत झाली आहेत.

आणि ती बसवताना नकाशा पुन्हा उपयोगी पडतो. जीएम-१ नवव्या गुणसूत्रावर, जीएम-४ आणि जीएम-८ आठव्यावर, जीएम-११ बाराव्यावर, आणि जीएम-२, ३, ६, ७ ही चौघे चौथ्यावर. चौथ्यावरची दोन जनुके दोन निराळ्या जातींतून आणून एकाच दोरावर ओवायची म्हटले, तर दोर नेमका त्यांच्यामधे तुटला पाहिजे, आणि ती जवळ असल्यामुळे असे झाड कमीच मिळते. त्यापेक्षा एक चौथ्यावरचे आणि एक आठव्यावरचे घेतले तर पहिल्या वाटणीतच चारातल्या एका झाडात दोन्ही मिळतात. पण आठव्याच्या बाबतीत सुवासिक धानवाल्यांनी एक लक्षात घ्यावे. धानाच्या वासाचे जनुकही आठव्यावरच आहे. प्रतिकार बिनवासाच्या जातीकडून आणायचा असेल तर वास आणि प्रतिकार सुरुवातीला समोरासमोरच्या दोरांवर असतात. दोघे एका दोरावर यायला मधे अदलाबदल व्हावी लागते. सुदैवाने ती एकमेकांपासून बरीच लांब आहेत, म्हणून अशी झाडे मिळतात, फक्त मोजून घ्यावी लागतात.

हे सगळे जी माणसे नकाशावाचून करत आली त्यांचाही मान ठेवला पाहिजे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. १९८३ साली शेतात वेगळ्या दिसलेल्या तीन लोंब्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवड करत एचएमटी धान उभा केला. त्यांच्यापाशी डोळे आणि चिकाटी होती. नकाशाने डोळ्यांचे काम संपत नाही. निवडायला वेगळी लोंबी आधी शेतात असावी लागते. सयाम-२९, एफआर-१३ए ह्यांना एके काळी कोणी जुनाट धान म्हणून टाकून दिले असते तर नकाशा काढून उपयोग काय होता? तेव्हा घरात जुन्या धानाचे बी असेल तर मूठभर का होईना, दर वर्षी कोपऱ्यात लावून जिवंत ठेवा.

आता ह्या पंधरवड्यात करायचे काम. बांधीत आडवे चालत जा आणि ठिकठिकाणच्या वीस चुडांचे फुटवे मोजा, त्यातले पोंगे वेगळे मोजा. शंभर फुटव्यांत पाचापर्यंत पोंगे आले तर थांबू नका, कृषी सहायकाला बोलवा आणि त्या वेळी शिफारस असेल तेवढेच औषध वापरा. एखादा पोंगा उभा चिरून पाहा. आतली अळी काळपट पडून मेलेली, तिच्यात बारीक बारीक कोष भरलेले दिसले तर ते मित्रकिटकाचे काम आहे. असे पोंगे पुष्कळ असतील तर फवारणीची घाई नको. ढगाळ दिवसांत युरियाचा हात आखडता घ्या. पाटातला जंगली धान उपटा, गादमाशी त्यावर तग धरते. पुढच्या वर्षी रोवणी लांबू देऊ नका, उशिराच्या रोवणीला गाद जास्त लागते.

आणि एक काम आमच्यासाठी करा. प्रतिकारक म्हणून घेतलेल्या जातीवर पोंगे दिसले, तर ते लपवू नका आणि दुकानदाराशी भांडून सोडूनही देऊ नका. पोंगे दिसले ती तारीख, रोवणीची तारीख, शंभरी किती पोंगे, आणि पिशवीवरचे जातीचे नाव, हे एका चिठ्ठीवर लिहून तालुक्याच्या कृषी कार्यालयात, हिवऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा साकोलीच्या संशोधन केंद्रात पोचवा. जातीचे नाव नसेल तर ती चिठ्ठी आम्हाला वाचता येत नाही, कारण कोणते जनुक हरले तेच कळत नाही. म्हणून बियाण्याच्या पिशवीचा बिल्ला धान घरी येईपर्यंत फाडून टाकू नका. आमगावच्या त्या धन्याने तो घराच्या आढ्याला खोचून ठेवला होता, म्हणून त्यांच्या बांधीची नोंद पुरी करता आली.